हिरा ठेवला, मंत्र म्हटला, तरी म्हातारपण सुटत नाही: 'प्लेयर्स हँडबुक'मधल्या पुनरुज्जीवनाची पारख

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) या फासे टाकत, कथा रचत खेळायच्या खेळाच्या टेबलावर कुणाचं कॅरेक्टर, म्हणजे त्याने रंगवलेलं पात्र, पहिल्यांदा मेलं आणि क्लेरिकने, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र लावणाऱ्या पुजाऱ्याने, ते उठवलं, की कुणीतरी विचारतंच: मग पैसा असेल तोवर मरायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकात, 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये, आहे, पण ते एका जागी लिहिलेलं नाही, पुस्तकभर विखुरलेलं आहे. २०१४ साली आलेलं हे पुस्तक मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी) म्हणून वापरते. पोटासाठी मी नाशिकच्या सराफ बाजारात हिऱ्यांची पारख करते. पुनरुज्जीवनाच्या बहुतेक स्पेलना (मंत्रांना) हिरा लागतो, त्यामुळे ही पानं मी भिंग लावल्यासारखी वाचली आहेत.

निकाल आधीच सांगते. क्लेरिकच्या विद्येने अमरत्व मिळत नाही, आणि ते मिळू नये याची पुस्तकाने नीट तजवीज केली आहे. पण विझर्ड (पोथ्यांतून जादू शिकलेला) आणि ड्रुइड (निसर्गाच्या बळावर जादू करणारा) यांच्या यादीत एकेक दार उघडं राहिलं आहे. माझं कौतुक पहिल्या भागासाठी आणि तक्रार दुसऱ्यासाठी.

क्लेरिकची शिडी अशी आहे. 'रिव्हिव्हिफाय' तिसऱ्या लेव्हलचा (लेव्हल म्हणजे ताकदीची पायरी) स्पेल. प्राण जाऊन एक मिनिट व्हायच्या आत तो लावायचा, ३०० गोल्ड पीसचे (सोन्याच्या नाण्यांचे) हिरे खर्ची पडतात आणि मेलेला १ हिट पॉइंटवर, म्हणजे जेमतेम जीव धरून, डोळे उघडतो. लढाईतली फेरी ६ सेकंदांची असते, म्हणजे हातात १० फेऱ्या. 'रेझ डेड' पाचव्या लेव्हलचा: दहा दिवसांची मुदत, तासभराचा विधी, ५०० चा हिरा. परत आलेला लगेच धडधाकट नसतो. हल्ला, सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्याचा फासा), ॲबिलिटी चेक (काही जमतं का ते बघण्याचा फासा), सगळीकडे उणे ४, आणि प्रत्येक लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) ही उणीव एकेकाने कमी होते. जखमा बुजतात, पण तुटलेला अवयव परत येत नाही; धडावर डोकंच नसेल तर स्पेल लागतच नाही. सातव्या लेव्हलचं 'रिझरेक्शन' शंभर वर्षांपर्यंत मागे जातं, अवयवही परत देतं, हिरा १००० चा. नवव्या लेव्हलचं 'ट्रू रिझरेक्शन' २०० वर्षांपर्यंत जातं. देह उरला नसेल तरी नाव उच्चारून नवा देह घडवतं, आणि २५,००० गोल्ड पीसचे हिरे घेतं.

वर चढता चढता असं वाटतं की शेवटच्या पायरीवर मृत्यूच संपेल. पण 'रिव्हिव्हिफाय', 'रिझरेक्शन' आणि 'ट्रू रिझरेक्शन' या तिन्हींत एक अट सारखीच आहे: म्हातारपणाने मेलेला परत येत नाही. तलवारीने मेला, विषाने मेला, ड्रॅगनच्या ज्वाळेत राख झाला, तरी चालेल. वयाने गेला, तर गेला. गंमत म्हणजे 'रेझ डेड'च्या मजकुरात ही अट नाही. मी तो पुन्हा पुन्हा वाचला, नाहीच. एखादा हुशार खेळाडू ही फट दाखवतो, तेव्हा मी त्याला एवढंच विचारते की मिळणार काय? 'रेझ डेड' जुनाच देह परत देतो. विष उतरवतो, साधे आजार बरे करतो. वय उतरवतो असं कुठेही म्हटलेलं नाही. थकून बंद पडलेल्या देहात आत्मा परत आला, तर त्याच देहाचं म्हातारपण त्याच्या वाट्याला येणार.

मारलेल्याला उठवणं वेगळं आणि म्हातारपण थांबवणं वेगळं, हा फरक आपल्याकडच्या कथांना पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून मराठी खेळाडूंना हा नियम समजावून सांगायला मला कधीच वेळ लागत नाही. शुक्राचार्य संजीवनी विद्येने लढाईत पडलेल्या दानवांना उठवत. देवांकडे ती नव्हती, म्हणून बृहस्पतीचा मुलगा कच त्यांच्याकडे शिकायला गेला. दानवांनी कचाला मारलं, शुक्राचार्यांनी उठवलं. पुन्हा मारलं, पुन्हा उठवलं. शेवटी त्याला जाळून राख मद्यात मिसळली आणि गुरूलाच पाजली, तेव्हा पोटातल्या शिष्याला विद्या देण्यावाचून शुक्राचार्यांपुढे मार्ग उरला नाही. हेच शुक्राचार्य पुढे आपल्या जावयाला, ययातीला, म्हातारपणाचा शाप देतात. तिथे संजीवनीचा संबंधच येत नाही; पूरूला स्वतःचं तारुण्य द्यावं लागतं. डीअँडडीचा क्लेरिक शुक्राचार्यांच्या जातकुळीतला आहे. त्याच्याकडे संजीवनी आहे, अमृत नाही.

आता हिऱ्यांकडे येते, कारण इथे पुस्तक फार विचाराने लिहिलंय असं मला वाटतं. 'रिव्हिव्हिफाय' आणि 'ट्रू रिझरेक्शन'ला अमुक किमतीचे हिरे चालतात, म्हणजे पुडीतले बारीक दाणेही चालतील. 'रेझ डेड' आणि 'रिझरेक्शन'ला मात्र त्या किमतीचा एकच हिरा हवा. माझ्या धंद्यात हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. पाव कॅरटचे चार दाणे वजनाला एक कॅरट भरतात, पण त्याच पाण्याच्या एका कॅरटच्या अखंड हिऱ्याची किंमत त्या चौघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. मोठा, स्वच्छ खडा मुळात कमी सापडतो. म्हणून लुटीत मिळालेल्या बारीक हिऱ्यांची थैली घेऊन पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) देवळात आली, तरी 'रेझ डेड' होत नाही. गावात तसा खडा कुणाकडे आहे, तो विकेल का, त्याच्या बदल्यात काय मागेल, हे शोधण्यात एक अख्खं सेशन जातं. आणि दहा दिवस उलटत असतात. 'जेंटल रिपोझ' नावाचा दुसऱ्या लेव्हलचा साधासा स्पेल, प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं ठेवून, ही मुदत आणखी दहा दिवस लांबवतो. नवे क्लेरिक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. बघा. फार मोलाचा स्पेल आहे.

किंमत कोणती धरायची, यावर पुस्तक गप्प आहे. खडा घासाघीस करून ४०० ला पाडला तर तो ५०० चा राहतो का? माझ्या टेबलावर राहतो. सौदा कितीलाही होवो, पारखी जी किंमत सांगेल ती धरायची, आणि विकणाऱ्याच्या निकडीमुळे खड्याची पारख बदलत नाही.

हे पैसे किती, याचा अंदाज खेळाडूंना येत नाही, म्हणून मी त्यांना सोन्यात सांगते. पुस्तकानुसार ५० नाण्यांचा एक पाउंड होतो. म्हणजे 'रेझ डेड'चा हिरा १० पाउंड, साधारण साडेचार किलो सोन्याचा. 'ट्रू रिझरेक्शन' ५०० पाउंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. हे ऐकल्यावर टेबलावर जी शांतता पसरते ती मला हवी असते. उपकरणांच्या प्रकरणात मजुरीचे दरही दिले आहेत: अकुशल मजुराला दिवसाला २ चांदीची नाणी, आणि १० चांदीचं एक सोन्याचं. 'रेझ डेड'चा एक हिरा म्हणजे त्या मजुराची २,५०० दिवसांची कमाई, खाण्यापिण्याला एक दमडी न काढता जवळजवळ सात वर्षांची. या जगात राजाचा मुलगा घोड्यावरून पडून मेला तर परत येतो, विहिरीत पडलेलं मजुराचं पोर येत नाही. पुस्तक हे वाक्यात सांगत नाही, दोन वेगवेगळ्या प्रकरणांतल्या आकड्यांतून ते आपोआप बाहेर पडतं. मी ज्या चांगल्या कथा चालवल्या त्यातल्या कित्येक या दोन आकड्यांमधून निघाल्या आहेत.

पण मला विचाराल तर अमरत्वाला खरी आडकाठी हिऱ्याची नाही आणि वयाचीही नाही. ती आत्म्याची आहे. 'रेझ डेड'ला आत्मा परत यायला राजी आणि मोकळाही असावा लागतो. 'डंजन मास्टर्स गाइड'ने त्यावर आणखी एक बारकावा दिला आहे: आपल्याला कोण बोलावतंय हे आत्म्याला कळतं. बोलावणाऱ्याचं नाव, त्याची वृत्ती, त्याचं दैवत, सगळं कळतं, आणि त्यावरून तो येणं नाकारू शकतो.

याचं वजन काय, ते माझ्या टेबलावर एकदा फार स्वच्छ दिसलं. माझा भाचा केलन नावाचा शिपाई खेळवायचा. केलन एका पुलावर पडला. बाकीच्यांनी घोडे विकले, एका सावकाराकडून कर्ज काढलं, 'जेंटल रिपोझ'वर देह टिकवला आणि मोठ्या शहरातल्या देवळापर्यंत नेला. खडा मी त्यांना वर्णन करून दाखवला होता, किंचित पिवळट झाक असलेला, कडेला एक बारीक डाग. विधीचा तास संपत आला तेव्हा मी भाच्याकडे वळून म्हटलं, "तुला हाक ऐकू येतेय. या देवळाची देवता कुठली ते तुला कळतंय. येतोस?" त्याच देवतेच्या सैनिकांनी केलनचं गाव जाळलं होतं, हे त्याने पहिल्याच सेशनला कॅरेक्टर शीटवर लिहिलेलं. तो बराच वेळ फाशाशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "मावशी, तो येणार नाही. मित्रांनी बोलावलं असतं तर आला असता." क्लेरिक खेळवणारी मुलगी म्हणाली, "अरे, आम्हीच तर बोलावतोय!" त्यावर तो म्हणाला, "तुम्ही बाहेर उभे आहात गं. हाक तिची आहे."

नियमांचं पुस्तक चांगलं की वाईट हे मी अशा जागी ठरवते. ज्याला मरायचंय त्याला जगवता येत नाही, कितीही किलो सोनं ओता, हे इथे खेळाच्या यंत्रणेतच बसवलेलं आहे. डीएमच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

जुन्या आवृत्त्या याबाबतीत कठोर होत्या. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये परत येणं हा फाशांचा प्रश्न होता. कॉन्स्टिट्यूशन (शरीराच्या काटकपणाचा आकडा) १८ असेल तर जगण्याची शक्यता १०० टक्के, ३ असेल तर ४०. शिवाय सुरुवातीचं कॉन्स्टिट्यूशन जेवढं, तेवढ्याच वेळा आयुष्यात परत येता येई. एल्फला (माणसापेक्षा कितीतरी जास्त जगणारा एक वंश) 'रेझ डेड' लागतच नसे. आणि 'रिझरेक्शन' लावणारा क्लेरिक स्वतः ३ वर्षांनी म्हातारा होई. ही शेवटची तरतूद मला अतिशय आवडते, कारण तिथे कुणाच्या तरी आयुष्यातून ती वर्षं खरोखर वजा होतात. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत 'रेझ डेड'चा हिरा ५,००० चा होता आणि परतणाऱ्याची एक लेव्हल जाई. पाचव्या आवृत्तीत चार रात्रींच्या झोपेत सगळं भरून निघतं. खेळ सोपा झाला, पण परत येण्याची किंमत फक्त पैशांत उरली. दहाव्या-बाराव्या लेव्हलच्या पार्टीकडे पैसा असतोच.

आता तक्रार.

'क्लोन' हा विझर्डचा आठव्या लेव्हलचा स्पेल. १००० चा हिरा, देहातलं एक घन इंच मांस, आणि माणूस मावेल एवढं, झाकण बंद होईल असं २००० गोल्ड पीसचं पात्र: मोठा रांजण, शवपेटी, खाऱ्या पाण्याने भरलेली स्फटिकाची पेटी, काहीही. १२० दिवसांत आत दुसरा देह तयार होतो आणि पात्राला कुणी हात लावला नाही तर अनिश्चित काळ तसाच राहतो. मूळ माणूस मेला की आत्मा, मोकळा आणि राजी असेल तर, या देहात येतो. आठवणी, स्वभाव, विद्या सगळं तेच. अंगावरच्या वस्तू तेवढ्या मागे राहतात. आणि या स्पेलमध्ये एक मुभा आहे: हा देह मूळ माणसापेक्षा तरुण बनवता येतो. म्हातारपणाची अट इथे नाही.

हे अमरत्व आहे, दुसरा शब्द नाही. सत्तरीतला विझर्ड मरतो आणि विशीत उठतो, आणि उठल्यावर पुढच्या पेटीच्या तयारीला लागतो. खर्च ३००० गोल्ड पीस, म्हणजे ६० पाउंड, २७ किलोच्या आसपास सोनं. 'ट्रू रिझरेक्शन' याच्या आठपटीहून महाग, त्याला वरच्या लेव्हलचा क्लेरिक किंवा ड्रुइड लागतो, आणि ते म्हातारपणापुढे हात टेकतं. मालाची पारख करणारी बाई म्हणून मी हे सहन करू शकत नाही. बाजारात जो खडा दुर्मीळ त्याचा भाव जास्त. इथे सगळ्यात दुर्मीळ गोष्ट, परत मिळालेलं तारुण्य, इतकी स्वस्त ठेवली आहे.

ड्रुइडचं 'रिइन्कार्नेट' त्या मानाने जास्त प्रामाणिक वाटतं. पाचवी लेव्हल, १००० गोल्ड पीसची दुर्मीळ तेलं आणि लेप, मरून दहा दिवसांच्या आत, आणि आत्म्याला नवा प्रौढ देह. वयाने मेलेल्यांना साडेतीन आवृत्तीत हा स्पेल स्पष्ट नाकारायचा. २०१४ च्या मजकुरातून ती अट गेली. पण देह कुठल्या वंशाचा मिळेल ते शंभराचा फासा ठरवतो. माणूस व्हायची शक्यता १०० त २०, तिन्ही प्रकारचे एल्फ मिळून २१. एल्फ झालात तर वयाच्या ७५० व्या वर्षापर्यंत जगाल, हाफ-ऑर्क झालात तर पंचाहत्तरी गाठणंही मुश्कील. शिवाय मेलेला ड्रुइड स्वतःवर हा स्पेल लावू शकत नाही. त्याला कुणीतरी जिवंत, प्रेम करणारं माणूस दहा दिवसांत हजर लागतं. म्हणून ही फट मी बुजवलेली नाही. ज्याच्यामागे माणसं आहेत तो पुन्हा जगतो, आणि आरशात दरवेळी वेगळा चेहरा बघतो. यात गोष्ट आहे.

'क्लोन'चं मी काय करते? खेळाडूंना तो देते, पण तरुण देहाची मुभा काढून घेते: पेटीतला देह मांस काढलं त्या दिवसाच्या वयाचाच असेल. खलनायकाला मात्र पुस्तकातला स्पेल जसाच्या तसा. तीनदा मारलेला विझर्ड चौथ्यांदा तरणाबांड होऊन समोर आला, की पार्टी लढाई सोडून पेट्या शोधायला लागते. कुठल्या तळघरात, कुणाच्या नावाने घेतलेल्या घरात, कुणाला पैसे देऊन राखलेल्या. त्या शोधात माझ्या खेळाडूंनी जेवढं डोकं लावलं तेवढं कुठल्याच लढाईत लावलं नव्हतं.

पुस्तक म्हणून मांडणी मात्र त्रासदायक आहे. अकराव्या प्रकरणात स्पेल वर्णानुक्रमे लावलेत, त्यामुळे 'क्लोन' एका टोकाला आणि 'ट्रू रिझरेक्शन' दुसऱ्या. सुरुवातीच्या वर्गवार याद्यांत फक्त नावं आहेत, पान क्रमांक नाहीत. मागची सूची इतक्या बारीक अक्षरात आहे की चाळिशी ओलांडलेल्या डीएमला खरोखरच भिंग लागतं. मरणाचे नियम, म्हणजे शून्य हिट पॉइंटवर विसाचा फासा टाकायचा, १० किंवा जास्त आले तर यश, तीन अपयशांत मृत्यू, हे नवव्या प्रकरणात. मजुरी आणि नाण्यांचं वजन पाचव्यात. कुठेही एक पानभर तक्ता नाही की बाबा, मेल्यावर हे हे मार्ग आहेत, ही मुदत, हा खर्च. मी तो हाताने बनवून डीएमसमोरच्या पुठ्ठ्याच्या आडोशाला (स्क्रीनला) आतल्या बाजूने चिकटवला आहे, आणि प्रत्येक नव्या डीएमने तसं करावं.

घ्यावं का? फक्त हे स्पेल वाचायचे असतील तर विकत घेऊ नका. 'सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१' हा खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे, आणि मी वर सांगितलेले सगळे स्पेल त्यात आहेत. २०२४ ची नवी 'प्लेयर्स हँडबुक' ३८४ पानांची आहे. तिच्यातही 'ट्रू रिझरेक्शन' म्हातारपणापुढे थांबतंच. आधीपासून २०१४ च्या पुस्तकावर कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग कथा) चालू असेल तर निव्वळ यासाठी बदलण्याची गरज नाही. नव्याने सुरू करत असाल तर नवी घ्या, दुकानात मिळायला सोपी जाईल. आणि दोन्हींपैकी कुठलीही घेतलीत तरी पहिल्या सेशनला प्रत्येक खेळाडूकडून कॅरेक्टर शीटच्या मागे दोन ओळी लिहून घ्या: मेल्यावर कुणाच्या हाकेला हा परत येईल, आणि कुणाच्या नाही.